‘सगळं आधीच लिहिलंय’ म्हटल्यावर वर्गात काय शिकवू?

विणेकऱ्याची लेक (कोरेगाव तालुका, सातारा)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आमचे आण्णा, म्हणजे वडील, माळकरी. वय ७४. गावच्या माघातल्या सप्ताहात पहाटे दोन ते चारचा पहारा गेली तीस वर्षं त्यांचा. थंडी असो, ताप असो, त्या दोन तासांत वीणा त्यांच्याच गळ्यात. माझं बालपण त्या आवाजात गेलंय, हे आधी सांगते. म्हणजे कुणी मला देवाधर्माची चेष्टा करणारी समजू नये.

यंदा पाचव्या दिवशीच्या कीर्तनात महाराजांनी विश्वाच्या उत्पत्तीचा विषय घेतला. म्हणाले, गोऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी शोधलं ते आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ब्रह्मांड म्हणजे अंडं, ते फुटलं तोच यांचा बिग बँग. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि शास्त्रज्ञ म्हणतात पृथ्वी ४५४ कोटींची, बघा किती जवळ आलं! मांडव टाळ्यांनी दणाणला. आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सोमवारी आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा धडा होता. फळ्यावर मी विश्वाचं वय लिहिलं, १३८० कोटी वर्षं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे आणि काहिलीखालचा जाळ कुठल्या रंगाचा झाला की किती तापलं, हे तो मला शिकवतो, इतका चौकस. तो म्हणाला, “बाई, हे सगळं आधीच लिवलेलं आसंल तर मग आपण शोधायचं काय?”

मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “आणि देवानं जग केलं, तर देवाला कुणी केलं?” वर्ग हसला. ती एरवी वर्षभर बोलत नाही.

मी म्हणाले, “ते आपल्या अभ्यासक्रमात नाही.”

तिनं वही मिटली. त्या दिवसापासून मला ती मिटलेली वही दिसते. अठरा वर्षांच्या नोकरीत इतकं वाईट वाक्य मी दुसरं बोलले नसेन.

घरी आल्यावर राग मी आण्णांवर काढला. ते गोठ्यात वैरण टाकत होते. म्हटलं, तुमच्या महाराजांनी मुलांना चुकीचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “तू शिकलीस म्हणून ते चुकले व्हय?” त्याला आज नऊ दिवस झाले. आईमार्फत बोलतात. “तिला सांग च्या झालाय.”

मला कोण जिंकलं हे नकोय. त्या मुलाला काय सांगू? त्या मुलीला काय सांगू? आणि महास्फोटाच्या आधी काय होतं याबद्दल विज्ञान आज नेमकं कुठवर येऊन थांबलंय, हे कुणी मला सरळ मराठीत सांगेल का? पाठ्यपुस्तकापलीकडचं माझंही वाचन तोकडं आहे.

---

चार भिंती (सातारा शहर)

ताई, शाळेत देव आणूच नका. राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. डॉक्टर दाभोलकरांच्या साताऱ्यात शिक्षकाला हे विचारावं लागतं, याचं वाईट वाटतं. मुलीला म्हणा, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर नाही, म्हणूनच देवाची कल्पना टिकत नाही. विषय संपला.

---

भौतिकीवाला (सांगली)

ताई, मी ३४ वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. ‘चार भिंती’ यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण ‘विषय संपला’ हे वर्गात कधी म्हणू नये.

विज्ञान कुठवर आलंय ते सांगतो. ‘स्फोट’ या शब्दापासून सुरुवात करावी लागेल, कारण तो फसवतो. रिकाम्या पोकळीत कुठेतरी सुरुंग उडाला, असं मुलांच्या डोळ्यांसमोर येतं. तसं नाही. जागाच पसरत गेली, सगळीकडे एकाच वेळी. त्याला मध्यबिंदू नाही. ‘बिग बँग’ हे नावसुद्धा १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर फ्रेड हॉइल यांनी वापरलं आणि त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. विश्व प्रसरण पावतंय हे गणितातून मांडणाऱ्या पहिल्या लोकांत जॉर्ज लमेत्र होते, १९२७ साली. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. गळ्यात पांढरी पट्टी घालून विद्यापीठात शिकवायचे. १९३१ मध्ये त्यांनी ‘आद्य अणू’ची कल्पना मांडली.

आता तुमच्या महाराजांशी जुळणारी गोष्ट. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात जवळपास हेच केलं. विज्ञानाने आता सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा दिला, असा सूर लावला. सर्वात जास्त अस्वस्थ कोण झालं? लमेत्र. हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून पूर्ण वेगळा ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. उद्या मोजमाप बदललं, सिद्धांत पडला, तर तुम्ही त्याला टेकवलेली श्रद्धाही पडायची का? पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे रोममध्ये बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. ही हकिगत आण्णांना सांगा. माळ घालणारा माणूस दुसऱ्या धर्मातल्या माळकऱ्याचं मन ओळखेल असं मला वाटतं.

पुरावा काय? १९६४ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. कुठेही वळवा, तितकीच. आत कबुतरांनी घाण केली होती, ती साफ केली, तरी खरखर कायम. तो विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश होता, ताणला जाऊन आता उणे २७० अंशांवर आलेला. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे ४०० कण या क्षणी आहेत. मुलांना ओंजळ पुढे करायला सांगा आणि मग हा आकडा सांगा. आणखी एक: त्यांच्या पाण्याच्या बाटलीतला हायड्रोजन पहिल्या काही मिनिटांतला आहे. ऑक्सिजन नंतर ताऱ्यांत शिजला.

मागे मागे जात राहिलं की एक जागा येते. दशांशचिन्हानंतर ४२ शून्यं आणि मग १, इतक्या सेकंदाच्या अलीकडे आपली समीकरणं चालतात, पलीकडे नाही. आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तिथे अनंत घनता सांगतो, आणि अनंत आलं म्हणजे सिद्धांत थकला असं समजायचं. त्याला पुंजभौतिकीशी, म्हणजे अणूंच्या आतल्या जगाच्या (क्वांटम) शास्त्राशी, जोडणारा सर्वमान्य सिद्धांत अजून नाही. हॉकिंग आणि हार्टल यांनी १९८३ मध्ये सुचवलं की ‘आधी’ हा शब्दच तिथे लागू नसेल, जसं उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय, हे विचारता येत नाही. दुसरे काही जण म्हणतात, आधीही काही होतं. सिद्ध कुणाचंच नाही.

त्या गुऱ्हाळाच्या मुलासाठी. पृथ्वीचा आकडा उल्केतल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) मोजून १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी काढला. आकडा सांगायला एक वाक्य लागतं, पण तो कसा कळला हे सांगायला एक आयुष्य लागलं. शोधायचं असतं ते हे ‘कसं’. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी. सगळं जग महास्फोट मानू लागलं तरी त्यांनी शेवटपर्यंत पर्यायी मांडणीवर काम केलं, आणि तेही गणित आणि निरीक्षण समोर ठेवून. त्यांच्याकडे मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

तुमच्या मुलांना कार्डं लिहायला सांगा. पत्ता मी तुम्हाला वेगळा कळवतो. माझ्या सहीला किंमत नाही, पण उत्तर प्रत्येकाला येईल.

---

दासनवमी (सातारा)

ताई, मी दरवर्षी दासनवमीला सज्जनगडावर असतो आणि मला त्या महाराजांचं बोलणं पटलेलं नाही. विज्ञानासाठी नाही, शास्त्रासाठीच.

४३२ कोटी हा ब्रह्मदेवाच्या एका दिवसाचा पूर्ण काळ. तो दिवस अजून संपलेला नाही! पूजेला बसलं की संकल्पात आपण म्हणतो ना, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे… त्या हिशेबाने चालू कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या या दिवसाची, सुमारे १९७ कोटी वर्षं झाली आहेत. म्हणजे पृथ्वीच्या वयाशी ताडून पाहायचाच तर हा आकडा घ्यायला हवा, आणि तो जुळत नाही. जुळवायची हौस असली की आपण आपलाच संकल्प विसरतो.

अंड्याची गोष्ट ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तातून येते. त्या सूक्ताच्या जवळजवळ प्रत्येक ऋचेच्या शेवटी काय आहे? ‘कस्मै देवाय हविषा विधेम’. कोणत्या देवाला आम्ही आहुती द्यावी? प्रश्न आहे तो. आणि त्याच दहाव्या मंडलातलं १२९ वं, नासदीय सूक्त. सातच ऋचा. सहावीत ऋषी म्हणतो, ही सृष्टी कुठून आली हे खरोखर कोणाला ठाऊक? ‘अर्वाग्देवाः’, देवसुद्धा हिच्या नंतरचे. आणि सातवीचा शेवट: वर परम आकाशात जो हिचा अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. ‘यदि वा न वेद’. तुमच्या त्या मुलीने वर्गात विचारलं तेच हे. तिला सांगा, तुझा प्रश्न ऋग्वेदात आहे आणि तिथे कुणी हसलेलं नाही.

दासबोधाच्या आठव्या दशकात श्रोता समर्थांना अडवतो: ब्रह्म निराकार, निश्चळ, मग त्यात माया आली कशी? समर्थ आधी झटकतात, ‘अरे जे जालेंचि नाहीं । त्याची वार्ता पुससी काई’. आणि लगेच पुढे, ‘तथापि सांगों’. तरीही सांगतो! ज्ञानी माणसाच्या नजरेत जग झालंच नाही, पण श्रोता तिथे पोचलेला नाही, म्हणून त्याची शंका फिटेपर्यंत बोलायचं. मला स्वतःला तो ‘तथापि’ फार मोठा वाटतो. मी बँकेत नोकरी केली, काउंटरवर माणूस तेच तेच विचारायला आला की तो शब्द आठवायचा.

---

तंबोरा (मिरज)

ताई, सलाम. आमचं घर तंबोरे बनवतं, मी चौथ्या पिढीचा. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं. काम चालू असताना मोबाइलवर वाचत होतो.

लहानपणी मदरशात मी हेच विचारलं होतं, सगळं अल्लाहने केलं तर अल्लाहला कुणी? मौलवीसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, बेटा, हा प्रश्न मनात येणार हे रसूलनी (पैगंबरांनी) आधीच सांगून ठेवलंय. आला की अल्लाहची पनाह (आसरा) माग आणि तिथे थांब. मग कुराणातली सूरह इख्लास म्हणून घेतली: त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. मी थांबलो. पण मला कुणी गप्प केलं नव्हतं, माझा हात धरून थांबवलं होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत एवढा एक फरक राहिला असं वाटतं, माफ करा.

भौतिकीवाले सरांना विचारायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की नासाने विश्वाचा नाद पकडला, ॐ ऐकू आला. खरं आहे का? जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार साधताना, खर्जाची तार छेडली की न लावलेला गंधार आपोआप उमटतो, तो ऐकायला मी तासभर बसतो. म्हणून विचारतो, पहिला आवाज काही होता का?

---

भौतिकीवाला (सांगली)

ॐ ऐकू आला हे खरं नाही. पण आवाज होता, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतोय.

ते ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंतचं विश्व म्हणजे तापलेला दाट वायू होता. त्यात गुरुत्वाकर्षण दाबायचं, प्रकाश परत ढकलायचा. दाब, विरळ, दाब, विरळ: तुमच्या भोपळ्यातल्या हवेत होतं तेच. लाटेची लांबी मात्र लाखो प्रकाशवर्षांची, कानाचा संबंधच नाही. वायू निवळला तशा त्या लाटा जागच्या जागी थिजल्या. त्यांचे ठसे त्या जुन्या प्रकाशात मोजले गेलेत, मूळ स्वर आणि त्याचे वरचे स्वर वेगवेगळे दिसतात. तंबोऱ्याचा आवाज ऐकून तुम्ही जसं सांगता की भोपळा केवढा आणि लाकूड कुठलं, तसंच त्या ठशांवरून विश्वात कोणतं द्रव्य किती, हे काढलंय. आणि २००५ मध्ये दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांच्या) मांडणीतही तोच ठसा सापडला, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतराने.

तुम्ही एकदा शाळेत तंबोरा घेऊन जाल का? मी येतो सोबत.

---

हळदपेठ (सांगली)

मी जैन घरातली, ६१ वर्षांची. इथे सगळे ‘कुणी केलं’ यावर बोलतायत, म्हणून लिहिते. आमच्याकडे जग कुणी केलेलंच नाही. लोक, म्हणजे हे विश्व, अनादि-अनंत. जीव, पुद्गल (जड पदार्थ), धर्म (इथे अर्थ गतीला साहाय्य करणारं), अधर्म (थांबायला साहाय्य करणारं), आकाश, काळ ही सहा द्रव्यं, ती नव्याने होत नाहीत, नष्ट होत नाहीत, फक्त त्यांचे पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात. स्वर्गातले देवसुद्धा आयुष्य संपलं की तिथून च्युत होतात. ज्यांची आम्ही पूजा करतो ते तीर्थंकर जगाचे कर्ते नव्हेत. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी विचारलं होतं, कर्त्याने जग केलं म्हणता, तर जग करण्याआधी तो होता कुठे?

माझा भाचा म्हणतो, मावशी, नारळीकरांचं विश्व आपल्या आगमाशी (धर्मग्रंथांशी) जुळतं, आरंभ नसलेलं. त्याचा आनंद मला कळतो. पण मी त्याला म्हटलं, मग महास्फोटवाले बरोबर ठरले तर तू सामायिक (आमची रोजची ध्यानसाधना) सोडणार का? मी पहाटे सामायिकाला बसते ती विश्वाचं वय ठरवायला नाही.

कर्ता नाही म्हटल्यावर धर्म उरत नाही असं ‘चार भिंती’ यांना वाटत असेल, तर आमच्या बस्तीत (जैन मंदिरात) एकदा यावं. चहा माझ्याकडे.

---

चार भिंती (सातारा शहर)

हळदपेठ ताई, हे मला इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. ‘विषय संपला’ हे शब्द मागे घेतो. पण शाळेत पुराव्याचंच शिकवावं, यावर मी ठाम आहे.

---

विणेकऱ्याची लेक (कोरेगाव तालुका, सातारा)

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. ‘तंबोरा’ दादा, माफी कशाची, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत.

शनिवारी पहिल्या तासाला मी आठवीत गेले आणि त्या मुलीला म्हणाले, त्या दिवशी मी चुकले. तुझा प्रश्न मला येत नव्हता म्हणून मी अभ्यासक्रमाचं नाव पुढे केलं. मग फळ्यावर ‘यदि वा न वेद’ लिहिलं आणि त्याच्या शेजारी दशांशचिन्ह, ४२ शून्यं आणि १. शून्यं मोजताना वर्गाने दोनदा मला थांबवलं, एक कमी पडत होतं. दोन्हींत काही नातं आहे असं मी सांगितलं नाही. एक कुणी प्रार्थनेत विचारलेलं, एक कुणी गणितानं काढलेलं, एवढंच म्हणाले. गुऱ्हाळाच्या मुलाने उल्केतलं शिसं कसं मोजतात ते विचारलं. मला अर्धंच सांगता आलं.

रविवारी आण्णांना लमेत्रची गोष्ट सांगितली. आईमार्फत नाही, समोर बसून. पोपच्या भाषणापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, “त्या फादरला वाटलं आसंल, देव माझा, त्याला साक्षीला कशापायी उभा करता.” मी विचारलं, आण्णा, तुम्हाला कधी वाटलं नाही का, देव कुठून आला? ते बराच वेळ वाती वळत होते. “दोन वाजता माझ्या गळ्यात वीणा येती. च्यार वाजता मी दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. मधी खाली टेकवायची न्हाय, येवढं मला म्हायती. पयली कुणी घेतली ते मी कुणाला इचारलं न्हाय. पण पोरीनं इचारलं तर तिला हसू नये.”

महाराज चुकले असं ते अजूनही म्हणत नाहीत. मीही पुन्हा काढलं नाही. चहा आता मला स्वतः हाक मारून देतात.

सर, तंबोरा दादा, हेडमास्तरांनी परवानगी दिली आहे. परीक्षेच्या आधी कुठलाही बुधवार चालेल. आमच्याकडे यायला कोरेगाव स्टँडवरून गाडी आहे, पण तंबोरा असेल तर मी जीप पाठवते.

सर, ३१ कार्डं झाली आहेत, उद्या टपालात टाकते. त्या मुलीचं कार्ड सगळ्यात वर ठेवलंय. तिने विचारलंय, विश्व पसरतंय तर आपली शाळा का पसरत नाही? गुरुत्वाकर्षणाने आणि अणूंच्या बळाने जे बांधलेलं आहे ते पसरत नाही, हे मी तिला सांगितलं. त्यावर तिने खाली दुसऱ्या शाईने लिहिलंय: मग बांधलेलं कुठं संपतं आणि पसरणारं कुठून सुरू होतं? याचं उत्तर बुधवारच्या आधी मिळालं तर बरं होईल. ती रोज विचारते.